समोर कोण आहे, हे इंटरनेट विचारत नाही

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली ओलांडून तुर्भ्याच्या दिशेने निघालं की रबाळे-महापे पट्ट्यात मोठाल्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. आवारात जनरेटरची रांग, हवा थंड ठेवणारी अवजड यंत्रं, फाटकावर कडक पहारा. आत माणसं थोडी आणि यंत्रं फार. एके काळी रसायनं आणि औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतली ही नवी वस्ती म्हणजे डेटा सेंटर. आपण फोनवर जे पाहतो, पाठवतो, भरतो, त्यातलं बरंचसं अशाच ठिकाणी लोखंडी कपाटांत ओळीने लावलेल्या संगणकांवर साठवलेलं असतं. इंटरनेट कुठे तरी आभाळात आहे असं वाटतं, पण त्याला जमीन लागते, वीज लागते आणि जवळ समुद्र असला तर फार सोयीचं पडतं.

समुद्र अशासाठी की परदेशाशी चालणारी आपली बहुतेक सगळी इंटरनेट वाहतूक समुद्रतळाशी टाकलेल्या केबलमधून होते. उपग्रहांचा वाटा अगदी किरकोळ. केसाएवढ्या काचेच्या तंतूंमधून प्रकाशाच्या रूपात माहिती धावते, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने. या केबल भारतात मुख्यतः मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ काही केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं होतं. इतकी ही सगळी गोष्ट ठोस आणि जमिनीवरची आहे.

आता या केबलमधून माहिती जाते कशी? तुम्ही पाठवलेला फोटो सलग जात नाही. त्याचे शेकडो छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठे जायचंय तो पत्ता लिहिला जातो आणि तुकडे सुटतात. ठाण्याहून वाशीच्या कार्यालयात निघालेल्या वऱ्हाडाचं जसं होतं तसंच. काही जण ट्रान्स-हार्बर लोकलने, काही कळवा-विटाव्यावरून, काही मुलुंडहून ऐरोली पुलावरून. रस्ते वेगळे, वेळ थोडी मागेपुढे, पण कार्यालयात सगळे एकत्र येतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तर त्याची दुसरी प्रत मागवली जाते.

वाटेतली यंत्रं तुकड्यावरचा पत्ता वाचतात आणि पुढे ढकलतात. आत आईचा फोटो आहे की चोराचा सापळा, पाठवणारा स्वतःला जो म्हणवतो तो खरंच तोच आहे का, हे तपासणं त्यांचं काम नाही. ज्या नियमांवर आजचं इंटरनेट चालतं ते १९७० च्या दशकात आखले गेले आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतल्या मूळ जाळ्यावर लागू झाले. तेव्हा ते वापरणारे थोडके संशोधक आणि संस्था होत्या, बरेचसे एकमेकांना ओळखणारे. ओळख पडताळायची सोय जाळ्याच्या पायातच घालावी, अशी गरज त्यांना भासली नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं तेही याच पायावर.

मला वाटतं, इंटरनेटचे फायदे आणि धोके यांच्या दोन वेगळ्या याद्या करणं इथेच चुकतं. दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. हे जाळं कुणालाही कुणापर्यंत पोचवतं आणि ‘तू कोण?’ असं विचारत नाही.

आधी यातलं चांगलं बघू, कारण ते फार मोठं आहे आणि रोजचं झाल्यामुळे आपल्या नजरेतून सुटतं. ठाण्यात राहणाऱ्या कितीतरी घरांची जमीन साताऱ्याला, रत्नागिरीला, जळगावला आहे. पूर्वी सातबाऱ्यासाठी रजा टाकून गावी जायचं, तलाठी भेटेपर्यंत थांबायचं. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा थोडं शुल्क भरून घरबसल्या निघतो. गुणपत्रिका, वाहन परवाना २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये सापडतात. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने तर नाक्यावरच्या भाजीवालीचं आणि रिक्षावाल्याचं सुट्ट्या पैशांचं भांडणच संपवलं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले, म्हणजे माणशी हिशोब केला तर देशातल्या तान्ह्या बाळापासून प्रत्येकामागे महिन्याला चौदाच्या आसपास.

पण मला याहून मोठे वाटणारे फायदे वेगळे आहेत. ऐकू न येणाऱ्या माणसाला टेलिफोनचा कित्येक दशकं काहीच उपयोग नव्हता. व्हिडिओ कॉल स्वस्त झाला आणि कर्णबधिर मित्र एकमेकांशी खुणांच्या भाषेत दूरवरून मनसोक्त बोलू लागले. लोकलच्या डब्यात फोन समोर धरून हातवारे करत हसणारी अशी दोन-तीन मुलं तुम्हीही पाहिली असतील. दृष्टिहीन माणूस फोनला वाचायला लावून मराठी बातम्या ऐकतो, बँकेचा मेसेज स्वतः समजून घेतो. तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश पूर्वी मोठ्या ग्रंथालयात जाऊन चाळावा लागे, आता तो कुणालाही फुकट वाचता येतो. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीला रेंज मिळाली तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातली व्याख्यानं ती ऐकू शकते. तिचं आडनाव, तिच्या बापाचा पगार, तिचं इंग्रजी, यातलं काहीही जाळं विचारत नाही. आपल्या समाजात दारातच ‘कोण, कुठले?’ विचारायची जी सवय आहे, ती लक्षात घेतली तर हे किती मोलाचं आहे ते कळेल.

आणि नेमकं याच दारातून चोर आत येतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही कॉल सेंटरवर छापे घातले. तिथे बसलेली तरुण मुलं अमेरिकेतल्या लोकांना फोन करत होती. इंग्रजी नाव सांगायचं, आपण अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतो म्हणायचं, तुमचा कर थकलाय, पैसे भरले नाहीत तर पोलीस घरी येतील अशी धमकी द्यायची. घाबरलेला माणूस दुकानातून गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यांचे क्रमांक फोनवर सांगायचा. सातशेच्या आसपास लोकांची तेव्हा चौकशी झाली होती. पलीकडचा माणूस आपल्या देशातला सरकारी अधिकारी नसून हजारो मैलांवरचा एक मुलगा आहे, हे त्या अमेरिकन आजीला कळायला काहीच मार्ग नव्हता.

आज आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जे चाललंय ते हेच, फक्त फोन वाजतोय आपल्या घरात. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काढलेल्या सिमवरून गुन्हा झाला, असं सांगत फोन येतो. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, बनावट वॉरंट. ‘फोन कट करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, तुमचे पैसे तपासणीसाठी या खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.’ भारतातल्या कोणत्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, कुणीही पैसे ‘तपासायला’ मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हाच विषय घेतला होता. तरीही माणसं फसतात आणि त्यात निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेत आयुष्य घालवलेले लोक असतात.

शिकलेली माणसं यात सापडतात कारण हा हल्ला अज्ञानावर नसून भीतीवर आणि एकटेपणावर असतो. ‘कुणाला सांगू नका’ हे त्या सगळ्या संभाषणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. शेजारच्या काकांना एकदा विचारलं असतं तरी डाव उधळला असता, आणि म्हणूनच ते विचारू देत नाहीत. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत, वाशी-नेरुळच्या सेक्टरांत कितीतरी आजी-आजोबा दोघंच राहतात. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. दुपारच्या वेळी फोन वाजतो, घरात तिसरं कुणी नसतं. त्यांच्या फोनमध्ये अॅप कोणतं आहे यापेक्षा त्यांना पटकन फोन करता येईल असं माणूस कोण आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आलेल्या फोनवर समोरचा जो सांगेल ती त्याची ओळख. तपासायचं साधन तुमच्याकडे नसतं. तुम्ही स्वतः, पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर बघून फोन लावलात तर पलीकडे कोण आहे हे तुम्ही ठरवता. त्यामुळे बँक असो, पोलीस असोत, महावितरण असो की गॅस कंपनी: ‘बरं, मी स्वतः फोन करून विचारतो’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. खऱ्या अधिकाऱ्याचं यात काही बिघडत नाही. बँका आणि सरकारी कार्यालयांच्या कॉलसाठी आता १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठेवले आहेत, त्यामुळे साध्या मोबाइल नंबरवरून आलेला ‘बँकेचा’ फोन तर आणखीच संशयाचा.

दुसरा प्रकार फोन करतच नाही, तो फाइल पाठवतो. व्हॉट्सअॅपवर ‘ई-चलान’ येतं, किंवा कुणाची तरी लग्नपत्रिका, किंवा ‘वीजबिल थकलंय, आज रात्री पुरवठा तोडू’ अशा धमकीसोबत एक फाइल. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवायची फाइल. ती उघडली, ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलं की त्या अॅपला तुमचे मेसेज वाचता येतात. मग बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही बघण्याआधीच पलीकडे पोचतो. ‘मी तर ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता’ असं सांगत पोलीस ठाण्यात आलेल्या माणसाचं म्हणणं अनेकदा अगदी खरं असतं, त्याचं कारण हे. ‘मदत करतो’ म्हणून स्क्रीन शेअर करायचं अॅप बसवायला लावतात, तिथेही तेच घडतं.

लिंक वाचायची एक पद्धत मात्र शिकून घेण्यासारखी आहे, कारण ती जन्मभर उपयोगी पडते. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलट, उजवीकडून डावीकडे वाचा. रेघेच्या लगेच आधी जे नाव आहे तोच मालक. सुरुवातीला तुमच्या बँकेचं नाव, मग टिंब, मग ‘केवायसी-अपडेट डॉट इन’ असं असेल तर ते पान ‘केवायसी-अपडेट’वाल्याचं आहे, बँकेचं नाही. बँकेचं नाव पुढे कुणीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला लावले आहेत, तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याशेजारचं कुलूप दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तुम्ही आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. वेबसाइट चोराची असली तरी कुलूप असू शकतं.

यूपीआयबद्दल एकच गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी. पिन लागतो तो पैसे जाताना. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढला आणि ‘पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

पैशांपलीकडचा एक धोका आहे आणि त्यात फसवणारा आपलाच माणूस असतो, तोही नकळत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. पाच निरपराध माणसं, पोटासाठी गावोगाव फिरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यातल्या बहुतेकांना ‘लोकांना सावध करावं’ असंच वाटलं असणार. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपल्या भागात टोळी आलीय’ असा मेसेज दिसला की मला राईनपाडा आठवतो. जागा, तारीख, पोलीस ठाणं, यातलं काहीच नसलेला इशारा पुढे पाठवणं म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळणं आहे, हे मी ग्रुपवर सरळ लिहितो.

मुलांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे, पण इतकं तरी सांगतो. फुकट अॅपचा खर्च जाहिरातींतून निघतो, म्हणून मुलाने जास्तीत जास्त वेळ पडद्यासमोर राहावं अशीच त्याची रचना असते. कधीच न संपणाऱ्या रील्सच्या माळेत अडकणं ही मुलाच्या कमकुवत मनाची खूण नाही; मोठमोठे अभियंते त्यासाठी पगार घेतात. त्याला रागावून फोन हिसकावण्यापेक्षा जेवताना आणि झोपताना घरातले सगळे फोन, आईबाबांचेही, दुसऱ्या खोलीत ठेवणं जास्त चालतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा ‘गेममध्ये कमावतोय’ असं मुलगा म्हणाला तर लगेच नीट चौकशी करा. आणि कुणी फोटोवरून धमकावत असेल तर मुलीला किंवा मुलाला घरी सांगता आलं पाहिजे. घरी सांगायची भीती वाटते म्हणूनच धमकी चालते.

फसलेल्या मोठ्या माणसांचंही तेच. ‘इतकं कसं कळलं नाही तुम्हाला?’ हा प्रश्न मी घराघरांत ऐकलाय. या प्रश्नाच्या धाकाने वडीलधारी माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. ते कसे जातात हे समजलं तर घाई कशासाठी ते कळेल. तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम आधी एका खात्यात जाते, तिथून काही मिनिटांत चार-पाच खात्यांत फुटते, पुढे आणखी फुटते आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा आभासी चलन होऊन नाहीशी होते. मधली ही खाती बहुधा खऱ्या माणसांची असतात: कमिशनच्या आमिषाने आपलं खातं, एटीएम कार्ड, सिम ‘भाड्याने’ दिलेल्या विद्यार्थ्यांची, बेरोजगार पोरांची. आपण फक्त खातं दिलं असं त्यांना वाटतं, पण पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव त्यांचंच येतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगायला हवं.

१९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक ही साखळी मध्येच तोडण्यासाठी आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकांमधून पुढे सरकतायत त्यांना कळवलं जातं आणि ज्या खात्यात जेवढी रक्कम अजून शिल्लक असेल तेवढी अडवली जाते. म्हणून पहिला तास फार मोलाचा. आधी १९३०, लगेच बँक, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार. पोलीस ठाणं त्यानंतर गाठलं तरी चालेल. आपल्या राज्याच्या सायबर विभागाचं, म्हणजे महाराष्ट्र सायबरचं मुख्य केंद्र महाप्यालाच आहे, डेटा सेंटरच्या शेजारात.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे उशीर झाला असला, चूक आपली असली, तरी कळवण्यात फायदाच आहे. कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवा.

घाबरून फोन फॉरमॅट करू नका आणि चॅट पुसू नका. संशयास्पद अॅप बसवलं असेल तर फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून फोन लावा. समोरच्याचा नंबर, पाठवलेल्या रकमेचा व्यवहार क्रमांक, आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट, एवढं घेऊन पोलीस ठाण्यात जा, आणि शक्य असेल तर सोबत कुणाला तरी न्या.